याकूब चाचांची पोच

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार याकूब खाँ हुसेन खाँ यांचे आहेत. मागच्या वर्षी माझ्या कॉलेजने माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं, शाल आणि नारळ दिला, चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हाही मी हेच नाव घेतलं. कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कोणत्या विषयाचे होते ते? आपल्याकडे या नावाचे कोणी आठवत नाहीत."

मी म्हणालो, "सर, ते कचेरीच्या फाटकाबाहेर बसायचे. अर्ज लिहायचे."

प्राचार्य हसले. मी गंमत केली असं त्यांना वाटलं असावं.

बुलढाण्याला कचेरीच्या भिंतीला लागून अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं असतात. चाचांचं टेबल शेवटचं. घडीचं टेबल, स्वतःसाठी खुर्ची, समोर एक बाक आणि पायाशी हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. बाकीच्यांनी केव्हाच संगणक आणि प्रिंटर आणले होते. तयार नमुन्यात नाव-गाव भरलं की दोन मिनिटांत अर्ज हातात. चाचा मात्र हाताने लिहीत, कार्बन लावून. वरची प्रत कचेरीला, खालची पेटीत. त्यांच्या खिशात दोन पेनं असत. काळं त्यांचं, निळं लोकांना सहीसाठी द्यायचं. निळं पेन देताना त्याचं टोपण ते स्वतःच्या मुठीत ठेवत. बिनटोपणाचं पेन कोणी खिशात घालून नेत नाही, हा त्यांचा अनुभव.

बाकावर माणूस टेकला की ते लगेच लिहायला घेत नसत. आधी तीन प्रश्न विचारत. "तू कोन? तुले काय पाह्यजे? आन् ते तुलेच काऊन द्याव?" मोठ्या माणसाला "तुमी" म्हणत, एवढाच फरक. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे पटकन देत. दुसऱ्याला थोडा वेळ लागे. तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे तुलाच का, याला बहुतेक जण रडायला तरी लागत किंवा कोणाला तरी शिव्या द्यायला. चाचा दोन्ही संपेपर्यंत थांबत आणि म्हणत, "हे झालं. आता अर्जात काय लिवू ते सांग."

लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवत. वाचताना त्यांची नजर कागदावर कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त असे. एखाद्या ओळीला माणसाने मान खाली घातली की ते थांबत, तो कागद बाजूला सारत आणि नवा घेत. शेवटी एक ओळ ठरलेली: "वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व तो खरा आहे." ज्याला वाचता येत नाही आणि जो अंगठा लावतो, त्याच्यासाठी ही ओळ असते. चाचा ती सगळ्यांच्याच अर्जाखाली लिहीत. एकदा एक मुख्याध्यापक रागावले. "अहो, मी एम.ए. आहे."

"हाव ना सर," चाचा म्हणाले. "वाचता येते तुमाले. समजलं का नाई, ते लिवलं मी."

आणि अर्ज देऊन माणूस परत येताना दिसला, की लांबूनच त्यांचा प्रश्न येई, "पोच घेतली का?" दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर. ते पाहिल्याशिवाय चाचा त्या कामाचा चहा पीत नसत.

मी त्यांना ओळखू लागलो त्याच्या कितीतरी आधी त्यांनी माझं एक काम करून ठेवलं होतं. आमच्या सावरगाव फाट्यावर सकाळची एसटी थांबत नसे. गावाने त्यासाठी दोन पानांचा अर्ज लिहिला होता आणि त्यात "मायबाप सरकार" चार वेळा आलं होतं. माझे बाबा चिखलीच्या बाजार समितीत हमाल. ते तो अर्ज घेऊन बुलढाण्याला गेले आणि नुसता पाकिटावर पत्ता लिहून घ्यायला म्हणून चाचांच्या बाकावर बसले. चाचांनी पाकीट उघडून अर्ज वाचला.

"थांबत नाई ते कोन?"

"गाडी."

"किती वाजता?"

"पावनेसातले."

"फाट्यावर उभं कोन राह्यते?"

"पोरं-पोरी. चिखलीले शिकाले जातात."

"नावं सांगा."

बाबांनी बोटांवर मोजत नावं सांगितली. सतरा भरली. चाचांनी वर पाच ओळी लिहिल्या, खाली सतरा नावं लिहिली आणि मायबाप काढून टाकले. "सरकार आपला बाप नोय भाऊ. त्याले काम सांगा, त्याच्या पाया काऊन पडता?"

दीड महिन्याने गाडी थांबू लागली. सतरांपैकी सहावं नाव माझं होतं.

त्या गाडीने मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि बी.सी.ए.चा कागद घेऊन गावात परत आलो. माझी आई शेडनेटमध्ये कामाला जाते. आमच्या भागात हिरव्या जाळीखाली भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. बायका मादी झाडाची एकेक कळी हाताने उघडतात, तिच्यावर नराचे परागकण लावतात आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधतात. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. कोणत्या ओळीत, कोणत्या दिवशी, कोणत्या रंगाचा दोरा, हे सगळं वहीत लिहावं लागतं. ओल्या, चिकट हातांनी वही लिहिली जात नाही. संध्याकाळी आठवून लिहिलं की चूक होते, आणि तपासणीला आलेल्या माणसाला शंका आली की अख्खा प्लॉट नापास.

मी आईसाठी एक ॲप केलं. तिने नुसतं बोलायचं, "चौथी ओळ, लाल दोरा." तारीख, वेळ ॲप लावून घेई. बियाण्यांच्या कंपनीला ते आवडलं. त्यांनी बायकांच्या गटाला सहा गावांसाठी सहा टॅब दिले, आणि तिथेच माझी अडचण सुरू झाली.

ते टॅब संगणक बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीचे होते. त्या कंपनीच्या यंत्रावर कोणाचंही ॲप कायमचं चालत नाही. त्यासाठी तिच्या डेव्हलपर प्रोग्राममध्ये तुमची नोंद व्हावी लागते. तुम्ही कोण आहात हे ती तपासते, पटलं तर आत घेते. बाहेरच्या माणसाला आपलं ॲप टॅबवर घालून बघता येतं, पण सातच दिवस. आठव्या दिवशी ते उघडत नाही. मग मी लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकलवर निघायचो आणि सहा गावं फिरून सहा टॅबवर ते पुन्हा घालायचो. एका गावाला पोचायला उशीर झाला की तिथल्या बायका हातात कळी धरून बंद टॅबकडे बघत बसायच्या.

बियाणं कंपनीचे साहेब चांगले होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. "संतोष, पंधरा तारखेला मोठं क्रॉसिंग सुरू होतं. तोवर तुमचं नाव तिकडे नोंदलं गेलं पाहिजे. नाही तर टॅब परत, आणि गटाचा करार आम्ही दुसऱ्या तालुक्यात देऊ." त्या गटात एकेचाळीस बायका होत्या. आईने त्यातल्या निम्म्यांना स्वतः घरी जाऊन गोळा केलं होतं, माझ्या ॲपच्या भरवशावर.

अर्ज मी एकट्याने केला नाही. माझा मावसभाऊ प्रदीप, त्याचं चिखलीत मोबाइलचं दुकान. तो म्हणाला, "सावरगावचा पत्ता टाकशीन तं कोनी उघडून बी पाह्यनार नाई." मला ते पटलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. आम्ही "ग्लोबल ॲग्री सोल्युशन्स" अशी कंपनी लिहिली. कार्यालय म्हणून प्रदीपच्या दुकानाचा माळा लिहिला. कर्मचारी बारा. काचेच्या इमारतीचा एक फोटोही कुठून तरी उचलून लावला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं: अशी संस्था असल्याची खात्री करता आली नाही. आम्ही पाटी रंगवून घेतली, दुकानावर टांगली, तिचा फोटो जोडून दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी उत्तर लवकर आलं. संस्थेच्या नोंदणीचा पुरावा द्या किंवा शपथेवर लिहून द्या. पुन्हा माहिती जुळली नाही तर यापुढे तुमचा अर्ज घेतला जाणार नाही.

पंधरा तारखेला एकोणीस दिवस उरले होते. शपथेवर लिहून द्यायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र. बाबा म्हणाले, "कचेरीपाशी याकूब खाँ बसते. त्याच्याकून घे."

मी बाकावर बसलो आणि एका दमात सांगितलं की माझी कंपनी आहे, चिखलीला कार्यालय आहे, तसं प्रतिज्ञापत्र हवं आहे. चाचांनी पेन उघडलं नाही.

"तू कोन?"

"संतोष इंगळे. ग्लोबल ॲग्री..."

"ते मंग. बापाचं नाव?"

"त्र्यंबक. सावरगावचा."

ते खाली वाकले. पेटीत गठ्ठे सुतळीने बांधलेले होते. थोडा वेळ चाळून त्यांनी पिवळसर पडलेला एक कार्बनचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पाच ओळी आणि सतरा नावं. त्यांनी बोट ठेवलं. "सहावा तू."

मी तो कागद वरपासून वाचला.

"आता सांग. हे कार्यालय कोठी हाये?"

"प्रदीपच्या दुकानाच्या माळ्यावर."

"तू बसतो तठी?"

"नाही."

"कोन बसते?"

"खोके आहेत, चाचा. मोबाइलचे रिकामे."

"बारा मानसं?"

मी मान खाली घातली. चाचांनी न लिहिलेला कागदच बाजूला सारला, जणू त्यावर काही लिहिलं होतं. "खोक्यायच्या नावानं प्रतिज्ञापत्र मी लिवत नाई," ते म्हणाले. "तुले पाह्यजे काय, ते सांग."

मी सांगितलं. टॅब, सात दिवस, आई, एकेचाळीस बायका, पंधरा तारीख. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण "म्हंजे त्यायच्या रजिस्टरात नाव चढवाचं" हे त्यांना पहिल्याच मिनिटात समजलं. ते म्हणाले, "त्यायले एकच पाह्यचं असते. उद्या काई गडबड झाली तं कोनाची कॉलर धराची. तू त्यायले खोके देऊन राह्यला. ते काऊन घेतीन?"

"मग काय करू?"

"तुझ्या नावानं कर. गावाच्या पत्त्यावर. एकट्या मानसाची नोंद करत नाई का ते?"

करत होते. व्यक्ती म्हणून नोंदणीचा रकाना पहिल्या पानावरच होता. मी तो दोन्ही वेळा ओलांडून पुढे गेलो होतो.

"पन पह्यले दोन अर्ज खोटे होते, हे दुसऱ्या वळीत लिवाचं," चाचा म्हणाले.

याच ओळीवरून प्रदीप आणि माझं भांडण झालं. "पागल झाला का बे? आपन खोटं बोललो असं सोताच सांगशीन? कायमचं बंद करतीन ते. एकेचाळीस बायायले काय तो म्हातारा समजावनार हाये?" त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. टॅबच्या कंपनीने तशी धमकी दिलीच होती. मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा गावांची फेरी आली आणि आईने विचारलं, "झालं का रे तुझं?" मी त्याच मोटारसायकलवर बुलढाण्याला गेलो.

चाचांनी मराठीत लिहिलं, मी ते इंग्रजीत केलं. मग त्यांनी मला माझंच इंग्रजी वाचायला लावलं आणि प्रत्येक ओळीनंतर मराठीत सांगायला लावलं, पुढ्यात त्यांची प्रत ठेवून. मी एका ठिकाणी "गैरसमजामुळे चुकीची माहिती गेली" असं केलं होतं. चाचांनी हात वर केला. "गैरसमज कोनाचा झालता?"

"कोणाचाच नाही."

"मंग काहाडून टाक त्याले."

ती ओळ अखेर अशी झाली: आधीच्या दोन अर्जांत मी कार्यालय आणि बारा कर्मचारी लिहिले, ते खरे नव्हते, मी एकटा आहे आणि घरातून काम करतो. पुढे गटातल्या बायका ॲप कशासाठी वापरतात ते चार ओळींत. शेवटी ठरलेली ओळ, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला व खरा आहे. मी म्हणालो, "चाचा, हे इंग्रजीत कोणी लिहीत नाही." ते म्हणाले, "तू लिव."

अर्जात फोन नंबर द्यायचा होता, जो दिवसा कोणीतरी नक्की उचलेल. आमच्या गावात फोनला रेंज येते तशी जाते, आणि मी निम्मा वेळ जाळीखाली. दुसरा नंबर म्हणून चाचांचा दिला. जवळच्या नेट कॅफेतून अर्ज पाठवला आणि "आपला अर्ज मिळाला" असं पडद्यावर आलेलं छापून नेलं. चाचांनी तो कागद उलटसुलट पाहिला.

"नंबर कोठी हाये याच्यावर?"

"असंच येतं, चाचा."

"बिननंबरी पोच म्हंजे त्यायनं नुसता रामराम केला," ते म्हणाले आणि चहाची पेली सरकवून ठेवली. त्या दिवशी ते चहा प्यायले नाहीत.

पुढचे दिवस मी फोन हातात धरून काढले. टॅबच्या कंपनीचा फोन आला तो नेमका फेरीच्या दिवशी. मी देऊळगावराजाकडच्या शेवटच्या गावात जाळीखाली होतो, रेंज नव्हती. बाहेर आल्यावर एका अनोळखी नंबराचा चुकलेला फोन दिसला. उलट लावला तर लागेना. दुपार कलली होती. मी तसाच बुलढाण्याला निघालो.

चाचा टेबल आवरत होते. "फोन आलता," त्यांनी सांगितलं. "पोरगी होती. हिंदीत बोलली. चांगली बोलली."

"काय विचारलं?"

"हे संतोषचं हापिस हाये का म्हने. म्या सांगतलं, नाई बेटा, हे कचेरीबाहेरचं टेबल हाये. त्याले हापिस नाई."

मी विचारलं, "पुढे?"

"तुमचा कोन लागतो म्हने. म्या म्हटलं, कोनी नाई. त्याच्या बापाचा एक अर्ज लिवलता, आन् याचा एक. म्हने, तो काय करतो ते तुमी पाह्यलं का? म्या म्हटलं, संगनकातलं मले कळत नाई. पन तो दर आठ दिवसाले सहा गावं फिरते, तोंडावरची धूळ पाह्यली हाये म्या."

"चाचा," मी म्हणालो, "माझ्या वतीनं बोलतो, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं मी बघितलं असतं."

"तू नोयता ना अठी."

तेव्हा मी जे बोललो ते आजही मला ऐकू येतं. मी म्हणालो, "तुमचं खरं तुमच्या टेबलापाशी ठेवा. चाळीस बायकांचं काम गेलं त्याच्यापायी. तुम्हाला काय, तुमचा अर्ज लिहून झाला." शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली.

चाचा खाली वाकले. पेटीतून माझ्या अर्जाची कार्बन प्रत काढली आणि तिच्या मागे लिहिलेलं मला दाखवलं. फोन आल्याची तारीख, वेळ, आणि खाली अकरा आकडे. "पोच मांगतली म्या तिले," ते म्हणाले. "पह्यले नाई म्हने. मंग दिला नंबर."

मी तो कागद हातातही घेतला नाही. गाडीला किक मारून निघून आलो.

अकरा तारीख गेली, बारा गेली. उत्तर नाही. तेराला सकाळी मी गावाबाहेरच्या टेकाडावर, जिथे रेंज स्थिर असते तिथे उभा राहून कंपनीच्या मदत कक्षाला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक माणूस फोनवर आला. त्याने माझं नाव शोधलं. दोन बंद झालेले अर्ज दिसले, तिसरा दिसेना. "नवा अर्ज करा," तो म्हणाला. "तीन-चार आठवडे लागतील." मी म्हणालो, तुमच्याकडून फोन आला होता. त्याने विचारलं, "त्याचा नोंद क्रमांक आहे का?"

मी त्याला थांबायला सांगितलं आणि सोबत आणलेल्या आईच्या फोनवरून चाचांना लावला. इतकं बोलून आलेला माणूस कोणत्या तोंडाने विचारणार, हे ठरवायलाही वेळ नव्हता. "चाचा, तो नंबर," एवढंच म्हणालो.

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यांनी एकेक आकडा सांगितला. मग म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचला. सातवा आकडा मी चुकीचा लिहिला होता. त्यांनी तो दुरुस्त केला, पुन्हा सगळा वाचून घेतला आणि फोन ठेवला. 

तो नंबर घातल्यावर अर्ज सापडला. फोन केलेल्या मुलीने तो आमच्या खोट्या कंपनीच्या नावाखालीच नोंदवून ठेवला होता, आणि त्या नावाचे दोन्ही अर्ज बंद असल्यामुळे पुढच्या माणसाला तो दिसतच नव्हता. मदत कक्षातल्या माणसाने तिचा शेरा मला वाचून दाखवला. अर्जदाराने आधीची माहिती खोटी असल्याचे स्वतः कळवले आहे. ज्यांना फोन केला त्यांनीही तेच सांगितले. व्यक्ती म्हणून नोंद करावी.

चौदा तारखेला दुपारी मंजुरी आली. त्याच दिवशी मी सहा गावं शेवटची फिरलो. आठव्या दिवशी सकाळी मी घरीच थांबलो. मोटारसायकल काढली नाही, पण अंगणात तिच्याजवळच उभा होतो. साडेआठला आईचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता. ती म्हणाली, "उघडलं." आणि ठेवून दिला, कारण तिचे हात कामात होते.

त्या ॲपच्या खाली ते बनवणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे संतोष त्र्यंबक इंगळे असं लिहिलेलं आहे. प्रदीप अजून चिडवतो, "ग्लोबलचं सावरगाव केलं तुवा." पाटी त्याने उलटी करून दुकानात फळी म्हणून वापरली आहे.

मंजुरीचा कागद घेऊन मी चाचांकडे गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. त्यांच्यासमोर एक बाई बसली होती आणि ते तिला तिचा अर्ज वाचून दाखवत होते. मला पाहून त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब. वाचून झाल्यावर हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी वरचा नंबर पाहिला, माझ्या कार्बन प्रतीला टाचणीने लावला, पेटीत ठेवला आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. आम्ही चहा प्यायलो. बाकावर पुढचा माणूस येऊन बसला होता. मी उठलो.

त्यानंतर मी अनेकदा गेलो, पण ते बोलणं कधी निघालं नाही. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी ओळी वाकड्या होऊ लागल्या, मग कार्बनची प्रत वाचता येईना. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, नवे अर्ज घेणं बंद केलं आणि जुन्यांच्या पोचा येईपर्यंत टेबलावर बसून राहिले. शेवटची पोच आली, तेव्हा टेबल शेजारच्याला देऊन ते मुलीकडे नांदुऱ्याला जायला निघाले.

मी स्टँडवर गेलो होतो. चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर हिरवी पेटी. कंडक्टर म्हणाला, "बाबा, वर ठेवा ते." चाचा म्हणाले, "नाई भाऊ, हे लोकायचं हाये." तिकीट हातात आल्यावर त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मी खिडकीखाली उभा राहून बोलायला लागलो, "चाचा, त्या दिवशी फोन आला तेव्हा मी जे..." ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि माझा आवाज त्यात गेला. चाचांनी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली. मग तोच थरथरता हात खिडकीबाहेर काढला आणि हवेत लिहिल्यासारखा फिरवला. लिहून पाठव.

त्याला चार महिने झाले. चिखलीत कार्बन पेपर तिसऱ्या दुकानात मिळाला. मी पाठवलेलं पत्र हे:

प्रति,
याकूब खाँ हुसेन खाँ, अर्जनवीस
मुक्काम नांदुरा

अर्जदार: संतोष त्र्यंबक इंगळे, धंदा ॲप तयार करणे, राहणार सावरगाव.

महोदय,

मी कोण, ते वर लिहिले आहे. आपल्या पेटीतील सतरा नावांपैकी सहावा तोच मी.

मला काय पाहिजे, ते असे. फोन आला त्या दिवशी मी आपल्या टेबलासमोर चार लोकांत म्हणालो की आपल्या खरेपणामुळे बायकांचे काम गेले. ते खोटे होते. काम आपल्यामुळे टिकले. मी तो कागद हातात घेतला नाही, ही माझी चूक आहे, गैरसमज नाही. त्याबद्दल मला माफी पाहिजे.

ती मलाच का द्यावी, याचे उत्तर मला सापडले नाही. मागील आठवड्यात शेजारच्या गावातील एक मुलगी तिचे ॲप घेऊन माझ्याकडे आली. तिनेही अर्जात कार्यालय लिहिले होते. मी तिला आपले तीन प्रश्न विचारले. तिने मान खाली घातली. मी तो कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. कारण म्हणून एवढेच लिहू शकतो.

आई बरी आहे. गटात आता सत्तावन्न बायका आहेत.

वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचला, तो मला समजला व तो खरा आहे.

सोबत याच पत्राची कार्बन प्रत आणि माझा पत्ता लिहिलेले पाकीट जोडले आहे. वरची प्रत पेटीत ठेवावी. खालच्या प्रतीवर पोच देऊन ती परत पाठवावी, ही विनंती. पोचेवर नंबर असावा. हात थरथरत असेल, तर सहीऐवजी अंगठा चालेल.

अर्जदार,
संतोष